मदत हवी आहे: पैलवानासाठी 'पॉवरफुल' सोडून दुसरं इंग्रजी विशेषण सुचवा

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या तालमीची स्मरणिका निघतेय. कोल्हापूर जिल्हा, लाल मातीचा हौदा, शेजारी मारुती. गावची पोरं पांगत पांगत पार इंग्लंडपर्यंत गेली आणि त्यांच्या मुलांना मराठी वाचता येत नाही, म्हणून चार पानं इंग्रजीत करायची ठरली. मी बँकेत होतो म्हणजे मला इंग्रजी येणारच, या न्यायानं ती चार पानं माझ्या गळ्यात पडली.

मराठीत काही अडलं नाही. जुन्या वस्तादांवर लिहिताना बलदंड, कसलेला, तरबेज, खमक्या असे शब्द आपसूक येत गेले. इंग्रजीत मात्र प्रत्येकाच्या जागी 'पॉवरफुल' येऊन बसला. चार पानांत अकरा वेळा! लेस्टरच्या पुतण्यानं वाचून विचारलं, "काका, हे आमदार होते का?" मी लिहिलं होतं, 'ही वॉज अ व्हेरी पॉवरफुल मॅन इन द व्हिलेज'. वस्ताद बिचारे ग्रामपंचायतीलासुद्धा कधी उभे राहिले नाहीत.

मला तीन गोष्टी वेगवेगळ्या सांगायच्यात. एक म्हणजे अंगातली रग. पहाटे एका पोराला पाठीवर बसवून ते जोर मारायचे. दुसरं कसब. समोरच्यानं खांद्यावर हात टाकला की तोच हात बगलेत दाबून ढाक हा डाव लावायचे, तेही पन्नाशी उलटल्यावर. आणि तिसरा दरारा. ते दारात आले की हौद्यातली चेष्टामस्करी कुणी न सांगता थांबायची.

थिसॉरस उघडला तर मायटी, पोटंट, फॉर्मिडेबल, रिडाउटेबल, हर्क्युलियन, पुइसंट, डाउटी, ऑम्निपोटंट अशी वरातच निघाली. कुठला कुठे चालतो आणि कुठल्यानं हसं होईल? शिवाय खाशाबा जाधवांवर एक चौकट आहे, त्यांना 'मायटी' म्हणावं का?

आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद: निवृत्त बाई

आधी 'पोटंट' खोडा, आत्ताच्या आत्ता. तो औषधाला, दारूला, फार तर युक्तिवादाला लावतात. पुरुषाला लावलात तर वाचणारा भलताच अर्थ घेईल आणि वस्तादांच्या घरचे तुमच्या दारात येतील.

'ऑम्निपोटंट' म्हणजे सर्वशक्तिमान, तो देवाकडेच राहू द्या. 'पुइसंट' जुन्या काव्यातला, आज कुणी बोलत नाही. 'डाउटी'चा अर्थ चांगला आहे, शूर आणि चिवट, पण ऐकणाऱ्याला 'डाउट'च ऐकू येतो. 'हर्क्युलियन' माणसापेक्षा कामाला जास्त शोभतो, कारण त्यामागे हर्क्युलिसची बारा अचाट कामं आहेत. दुष्काळात हौद्याची माती नव्यानं भरली वगैरे काही असेल तर तिथे वापरा.

तुमच्या दराऱ्याला 'फॉर्मिडेबल' चपखल बसेल. त्याच्या मुळाशी लॅटिनमधला भीतीचा शब्द आहे. नुसती ताकद नाही, समोरच्याला दोनदा विचार करायला लावणारी ताकद. 'रिडाउटेबल'च्या पोटातही भीतीच आहे, पण हल्ली तो वापरताना लिहिणारा गालात हसतोय असं वाटतं.

कसबाचं जरा नाजूक आहे. 'कॅपेबल' कोशात बघाल तर बरोबर, पण माणसाला लावला की 'काम निभावून नेईल' इतपतच स्तुती होते. प्रमोशनच्या शिफारशीत ठीक, वस्तादांना नको. 'कसलेला'ला 'सीझन्ड' घ्या, 'अ सीझन्ड रेसलर'. (मसाला लावलेल्या मटणालाही हाच शब्द आहे, त्याला इलाज नाही.) 'तरबेज'ला 'मास्टरली' चालेल, फक्त तो माणसाला न लावता डावाला लावा.

प्रतिसाद: खासबागचा प्रेक्षक

बाईंशी सहमत, पण साधा 'स्ट्राँग' का वाळीत टाकलाय? अंगातल्या रगेला त्याच्याइतका सरळ शब्द नाही. इंग्रजी लिहायला बसलं की आपल्याला भारीतले कपडे घालायची हौस येते. पोराला पाठीवर बसवून जोर मारायचे हे लिहिलंत की पुढे 'ही वॉज दॅट स्ट्राँग' पुरे.

खाशाबांना 'मायटी' नको. एक तर त्या शब्दाला पोथीपुराणाचा वास आहे, आणि त्यानं डोळ्यासमोर धिप्पाड माणूस उभा राहतो. १९५२ला हेलसिंकीत त्यांनी कांस्य जिंकलं ते बँटमवेटमध्ये, ५७ किलोच्या गटात. त्यांचं सगळं चापल्यात होतं. त्यांना 'पॉकेट डायनॅमो' म्हणायचे, तेच ठेवा. विशेषण हवंच असेल तर 'क्विक' आणि 'टेनेशस', म्हणजे चिवट. 'मायटी' हौद्याशेजारच्या मारुतीला द्या, तिथे तो शोभतो.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. अकरापैकी नऊ 'पॉवरफुल' उडाले. एक सरकारांच्या वाड्याच्या उल्लेखात ठेवलाय, तिथे खरोखरच सत्ता होती. दुसरा विहिरीवरच्या इंजिनाला दिला. दराऱ्याचं वाक्य असं झालं: 'ही वॉज फॉर्मिडेबल, अँड ही नेव्हर रेज्ड हिज व्हॉइस.' पुतण्याला पाठवलं, तो म्हणाला, "आता वस्ताद दिसले."

'खमक्या' मात्र अजून लटकलेला आहे. बाई, 'टफ' लिहिलाय, पण त्यात नुसता कणखरपणा येतो. प्रसंग निभावून नेणारा आणि वर दोन शब्द सुनावणारा माणूस येत नाही. सध्या पेन्सिलीनं ठेवलाय. शुक्रवारी छापखान्यात द्यायचंय, तोवर कुणाला सुचलं तर सांगा.