व्हीपीएन टाकलं की नेटबंदी फुटते? कुणी सांगितलं?

जुना_राऊटर: कालची ती पोस्ट वाचून डोकं उठलं. म्हणे, ‘टॉर आणि व्हीपीएन टाकून ठेवा, सरकारने नेट बंद केलं तरी फरक पडत नाही.’ अहो, ही साधनं तुमचं नेट दुसऱ्या सर्व्हरमधून फिरवतात, म्हणून ब्लॉक केलेली साईट उघडते. पण साईट ब्लॉक करणं वेगळं आणि डेटाच बंद करणं वेगळं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? ५ ऑगस्ट २०१९ ला काश्मीरमध्ये मोबाईल, लँडलाईन, ब्रॉडबँड सगळंच गेलं. पुढे लोक नेटसाठी रेल्वेने खोऱ्याबाहेर बनिहालला जायचे. तुमचं व्हीपीएन तेव्हा काय कामाचं होतं?

मुक्त_तंत्र: पोस्ट माझीच. तुम्ही अर्धीच गोष्ट सांगताय. जानेवारी २०२० मध्ये तिथे टूजी सुरू झालं ते ठरावीक साईट्सपुरतं. तेव्हा पोरं व्हीपीएनवरूनच सोशल मीडिया बघत होती. फेब्रुवारीत पोलिसांनी त्यावरून गुन्हाही नोंदवला. चालतच नव्हतं तर गुन्हा कशाचा? २०२२ मध्ये इराणी लोकांनी स्नोफ्लेक (दुसऱ्या कुणाच्या तरी ब्राउझरमार्गे टॉरशी जोडणारं साधन) धडाधड वापरलं. त्याचं एक्स्टेंशन माझ्या ब्राउझरमध्येही कायम चालू असतं. मध्ये बसून बघणाऱ्याला वाटतं व्हिडिओ कॉल चाललाय. गेल्या २४ तासांत किती जणांना उपयोग झाला, तो आकडाही दिसतो.

सावध_पाटील: आणि त्यातल्या एकाने तुमच्या आयपीवरून (नेटवरच्या पत्त्यावरून) भानगड केली की पोलीस तुमच्या दारात! आमच्या भाच्याने कुठलंसं फुकट व्हीपीएन टाकलं, तेव्हापासून फोनभर जुगाराच्या जाहिराती.

मुक्त_तंत्र: स्नोफ्लेक हा एक्झिट नोड, म्हणजे टॉरमधला शेवटचा सर्व्हर (रिले), नव्हे हो. साईटला दिसतो तो शेवटच्या टॉर रिलेचा आयपी, माझा नाही. भाच्याचं खापर टॉरवर कशाला फोडताय?

वकीलबाई: भांडा, पण कायदा तरी बघा. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती ५ वर्षं ठेवायला सांगितली. एक्सप्रेसव्हीपीएनने भारतातले सर्व्हरच काढले. आणि काश्मीरच्या नेटबंदीविरुद्धच्या अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० ला म्हटलंय, बेमुदत नेटबंदी चालणार नाही, आदेश प्रसिद्ध करा. पळवाटा शोधण्याऐवजी आधी तो आदेश मागायला शिका.

रंकाळ्याकाठचा: आदेश मागून मिसळीचं बिल मिळतंय का? जून २०२३ ला आमच्या कोल्हापुरात नेट बंद केलं तेव्हा हॉटेल भरलेलं. पोरं कट संपवून क्यूआरपुढं फोन धरून उभी. कार्डाचं मशीनपण सिमवरच, पडद्यावर नुसतं चाक फिरतंय. सगळं वहीत लिहिलं. निम्मी फिरकलीच नाहीत.

जुना_राऊटर: रोख घ्यायची ना मग.

रंकाळ्याकाठचा: गिऱ्हाईकाच्या खिशात नोटा मी जाऊन ठेवू?

पेन्शनर_अण्णा: आम्ही नोटा बाळगतो म्हणून हसत होता ना? भोगा.

सावध_पाटील: अण्णा, सुट्ट्यांऐवजी चॉकलेटं हातावर टेकवणारे दुकानदार विसरलात वाटतं. त्यांच्यामुळेच लोक फोनकडे वळले.

रंकाळ्याकाठचा: मी कधी चॉकलेट दिलेलं नाही. तोंड सांभाळून बोला.

बोस्टनकर: कशाला वाद? स्टारलिंकचं उपग्रहावरचं नेट आलं की प्रश्नच मिटला.

जुना_राऊटर: आले अमेरिकेतून उपाय सांगायला. स्टारलिंकला भारताचा परवाना जून २०२५ मध्ये मिळाला, तो सुरक्षेच्या अटींसकट. गेटवे (उपग्रहाशी जोडणारं जमिनीवरचं केंद्र) भारतात, सरकारने सांगितलं की त्या भागातली सेवा बंद. इराणमध्ये त्या डिश उपयोगी पडल्या कारण चोरून नेल्या होत्या. इथे तशी डिश गच्चीवर लावा आणि वकीलबाईंचा नंबर जवळ ठेवा.

बोस्टनकर: बरोबर, आमचं चुकलंच. पाठवू का तुमच्यासाठी एक, लाडवांच्या डब्यातून?

मुक्त_तंत्र: ब्रायर या निरोपांच्या ॲपचं कुणी बोलतच नाही. नेट नसतानाही ब्लूटूथवर फोन ते फोन निरोप जातो.

जुना_राऊटर: हाकेच्या अंतरावर. त्यापेक्षा हाकच मारा. बरं, साईट ब्लॉक असेल तर टॉरचे ब्रिज (आत शिरायचे छुपे सर्व्हर) कामाला येतात, मान्य. आता पोस्टचं शीर्षक बदला.

मुक्त_तंत्र: बदललं. ‘नेट बंद’च्या जागी ‘साईट बंद’. साष्टांग दंडवतही घालू?

रंकाळ्याकाठचा: ते ब्रायर का काय, त्यावरनं पैसे येतात का?

मुक्त_तंत्र: नाही. पण फोन लागत असेल तर *९९# डायल करा. त्यावर यूपीआय विनानेट चालतं, ५,००० रुपयांपर्यंत.

रंकाळ्याकाठचा: हे पहिल्या ओळीत सांगायचं सोडून इराणला काय फिरवून आणलंत?

पेन्शनर_अण्णा: गिऱ्हाईक डायल करेपर्यंत तर्री गार होईल. नोटा ठेवा.