कचरा खरा, पण न उचललेला

ल्युपस म्हणजे शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच ऊतींवर हल्ला करते तो आजार. पेशींनी बाहेर टाकलेल्या पुटिका (पटलाच्या सूक्ष्म पिशव्या) हा निव्वळ कचरा असून ल्युपसमधील दाहाला त्या कारणीभूत नसतात, असे एक मत मांडले जाते; ते मला अर्धेच पटते. मरणाऱ्या पेशींपासून सुटलेल्या सूक्ष्म पुटिकांच्या पृष्ठभागावरचा डीएनए एरवी डीएनेज१एल३ हे विकर (एन्झाइम) पचवून टाकते. या विकराचे जनुक निकामी असलेल्या सौदी अरेबियातील कुटुंबांत बालवयातच ल्युपस होतो, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. २०१६ मध्ये हे विकर नसलेल्या उंदरांतही डीएनएविरोधी प्रतिपिंडे (अँटिबॉडी) आढळली, आणि अशी प्रतिपिंडे चिकटलेला डीएनए डेंड्रिटिक पेशींना, म्हणजे प्रतिकारयंत्रणेतील एका प्रकारच्या पेशींना, इंटरफेरॉन हे दाह वाढवणारे प्रथिन स्रवायला लावू शकतो.

बहुतेक रुग्णांत हे जनुक शाबूत असते, हा आक्षेप रास्त आहे. मात्र ल्युपसमुळे मूत्रपिंडाला दाह झालेल्या काही रुग्णांत याच विकराविरुद्ध प्रतिपिंडे सापडली आहेत; म्हणजे जनुक शाबूत असूनही विकराचे काम अडू शकते.