ठोकरनंतर इंजिनचं नुकसान क्लेममध्ये कसं दाखवायचं?

भाऊ, एरंडोलजवळ हायवेवर माझ्या डिझेल गाडीला पुढून ठोकर बसली, बंपर-रेडिएटर गेलं, विम्याचा क्लेम मंजूर झाला. रेडिएटर बदलून आणलं तर आता कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) कमी होतंय आणि ऑइल दुधाळ दिसतंय, सर्वेअर (विम्यासाठी नुकसान तपासणारा) म्हणतो हे जुनंच आहे. घरात गाडी एकच आहे, काय करू?

उत्तर १:
दादा पहिले गाडी चालवणं बंद करा, टो करून न्या. ऑइलमध्ये कूलंट जातंय म्हणजे हेड गास्केट (इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड, त्याखालचं सील) गेलं असेल नाहीतर हेडला क्रॅक. ठोकरनंतर गाडी किती चालवली होती? पाणी सांडल्यावर तशीच दामटली आणि इंजिन तापलं तर कंपनी त्याला परिणामी नुकसान (ठोकरीनं नाही, नंतर गाडी चालवल्यानं झालेलं) म्हणून नाकारते, खरा वाद तिथेच होतो.

प्रश्नकर्ता:
नाही भाऊ, जागेवरूनच क्रेनने उचलली, पावती आहे.

उत्तर १:
मग ती पावती सोन्यासारखी जपा!! अपघाताचे फोटो, आधीची सर्व्हिस बिलं पण काढा, त्यात कूलंट-ऑइलची तक्रार नसेल तर जुनं नुकसान म्हणणं टिकवणं अवघड जातं.

उत्तर २:
इंजिन परस्पर खोलू नका हो, माझ्या काकांनी धुळ्याला तेच केलं अन् क्लेम गेला. कंपनीला लेखी कळवून पुन्हा सर्वे मागा, इंजिनचं हेड सर्वेअरसमोरच उतरवा, कम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमधल्या दाबाची तपासणी) आणि गाडीच्या कॉम्प्युटरचा स्कॅन रिपोर्ट घ्या, जुने पार्ट भंगारात देऊ नका. नकार आला तर लेखी कारण मागा, कंपनीच्या तक्रार विभागानंतर विमा लोकपालाकडे (विम्याच्या तक्रारी सोडवणारा अधिकारी) जाता येतं, फी लागत नाही.