अनुभव धागा: हृदयाचं दुखणं, घरोघरचं

सिनेमात छाती धरून कोसळतात तसं घडतंच असं नाही. तुमच्याकडे काय झालं, पुढे काय बदललं, लिहा. औषधांची नावं चालतील, डोस डॉक्टरांनाच विचारा.

माणदेशी: बाबांना जुना मधुमेह. रात्री जेवून ओट्यावर बसले आणि दरदरून घाम. जबडा ओढतोय म्हणाले, छातीत काही नाही. आईने पित्त समजून सोडा ढवळायला घेतला. शेजारच्या नर्सताईंनी हात धरला, ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नाही ना विचारून ॲस्पिरिन चावायला लावली आणि १०८ बोलावली. गंमत म्हणजे पहिला ईसीजी साफ! डॉक्टरांनी तरी सोडलं नाही. ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली का ते सांगणारी रक्ततपासणी) पाठवलं, थोड्या वेळाने पुन्हा ईसीजीची पट्टी काढली, तिच्यात झटका सापडला. त्याच रात्री अँजिओप्लास्टी. मधुमेहात नसा बधिरतात, त्यामुळे कळ दबते, हे तेव्हा समजलं.

धाकटी_सून: सासूबाईंना तंबाखूचं विचारलं की ठाम नाही म्हणायच्या. मिसरीची डबी मात्र न्हाणीच्या कोनाड्यात कायम! मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, पण आमच्याकडे बायका तिला दात घासायचं साधन मानतात. जिना चढताना दम लागायचा, पाठ भरून यायची. सगळं वयावर ढकललं. आता डबी गेली, बीपीची गोळी आली. दिवसाला मीठ ५ ग्रॅमच्या आत म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा. पापड-लोणच्यावरून रोज वाद.

रानजाई: माझं वेगळं. लहानपणी घसा धरला, मग सांधे सुजले, ताप उतरला तसे सगळे विसरले. गरोदरपणी आडवं झालं की श्वास कोंडायचा. टूडी इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदयातली मायट्रल झडप अरुंद निघाली, मूळ लहानपणीच्या त्या दुखण्यातच. फुग्याने रुंद केली, आता दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन. फार दुखतं ते, कंबरेत दगड ठेवल्यासारखं. मुलांचा घसा आणि सांधे पाठोपाठ धरले तर अंगावर काढू नका.

गप्पिष्ट: काकांनी दात काढायचा म्हणून स्टेंटनंतरच्या (हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवलेल्या जाळीनंतरच्या) रक्त पातळ करायच्या गोळ्या परस्पर थांबवल्या. स्टेंटमध्येच गुठळी. वाचले.

नवा_सभासद: वडिलांना ५२ व्या वर्षी झटका आला. मी ३१. मला काही त्रास नाही, तरी तपासू?

माणदेशी: हो. वडिलांना ५५ च्या आत किंवा आईला ६५ च्या आत आला असेल तर डॉक्टर त्याला घराण्यातली जोखीम धरतात. बीपी, लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची तपासणी), एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) करून घ्या. उपाशी यायचं का ते लॅबला आधी फोन करून विचारा.