मदत हवी आहे: ट्रेनचे रूळ टेबलावर मावत नाहीत, चवथ तोंडावर

शिट्टी_वाजली
मावसभाऊ इंग्लंडातल्या स्विंडनहून हॉर्नबी कंपनीचा खेळण्यातल्या ट्रेनचा सेट घेऊन आला. यंदा गणपतीभोवती गाडी फिरवणार, असं घरात सगळ्यांना सांगून बसलोय. रूळ लांबीला बसतात, रुंदीला टेबलाबाहेर जातात. काय करू? लवकर सांगा, बाराच दिवस उरलेत.

कुळें_ते_लोंढा
टेबल केवढं? वळण कुठल्या त्रिज्येचं?

शिट्टी_वाजली
टेबल जेवणाचं, नेहमीचंच. रूळ सेटमध्ये आले तेच.

कुळें_ते_लोंढा
अहो, नेहमीचं म्हणजे किती? टेप लावा. आणि वळणाचा तुकडा उलटा करून बघा, खाली नंबर असतो.

लहान_रूळ
माझं ऐका, एन स्केल, म्हणजे आणखी लहान मापाची गाडी घ्या. रुळांतलं अंतर फक्त ९ मिमी. माझ्याकडे काटो कंपनीचं २४९ मिमी त्रिज्येचं वळण आहे, अख्खी फेरी दोन फुटी फळीवर मावते.

शिट्टी_वाजली
सेट हातात आहे हो, नवा कशाला घेऊ? टेबल सहा फूट बाय अडीच फूट. तुकड्यावर आर ६०७.

कुळें_ते_लोंढा
मग कोडं सुटलं. आर ६०७ म्हणजे त्रिज्या ४३८ मिमी. फेरीची रुंदी ८७६, त्यात स्लीपरची रुंदी धरून साधारण ९०६. तुमचं टेबल ७६२. त्याहून लहान वळण ३७१ मिमीचं असतं, तेही स्लीपरसकट ७७२ होतं, म्हणजे सेंटीमीटरभर बाहेरच. शिवाय वळणावर डबा रुळाबाहेर झुकतो. कडेला पाचेक सेंटीमीटर जागा हवीच, नाहीतर इंजिन थेट फरशीवर. टेबलावर प्लाय टाका, सहा फूट बाय साडेतीन फूट.

डिचोलीचा_रंधा
प्लाय मरीनच घ्या, म्हणजे ओलाव्याला टिकणारा. मी गेल्या वर्षी साधा घेतला. भाद्रपदातल्या दमट हवेत तो मधोमध फुगला, रुळांचे सांधे उघडले आणि गाडी त्याच जागी बंद पडायला लागली. रोज बोटाने दाबून चालवली. खालून दोन आडव्या पट्ट्याही मारा.

मेणवात
मुळात देवाभोवती खेळणं का फिरवावं? माटोळी (देवावर टांगतात ती फळापानांची चौकट) आणि आरास पुरेशी नाही का?

डिचोलीचा_रंधा
आमच्याकडे शेजारची पोरं गाडी बघायला येतात आणि आरतीला थांबतात. मला त्यात वावगं वाटत नाही.

मेणवात
पोरांनी आरतीसाठीच यावं, असं मला वाटतं. असो.

दुधसागर_पावसात
एक बाजू उंच करून दुधसागरजवळचा रेल्वेचा ब्रगांझा घाट दाखवा! खरा चढ ३७ फुटांना एक फूट आहे.

कुळें_ते_लोंढा
बारा दिवसांत घाट नको. रुळावरून रूळ न्यायचा तर सातेक सेंटीमीटर उंची लागते. त्या चढाने अडीच मीटर लांबी नुसती चढायलाच जाईल, उतार वेगळा.

ब्रॉडगेज_१६७६
शिवाय तो दक्षिण पश्चिम रेल्वेचा देखावा होणार नाही. आपल्या रुळांतलं अंतर १६७६ मिमी. या सेटचं प्रमाण १:७६, म्हणून ७६ ने भागलं तर २२ मिमी येतात, या सेटचे १६.५ आहेत.

लहान_रूळ
विचारलंय कुणी?

शिट्टी_वाजली
एक सांगायचं राहिलं. टेबल भिंतीला चिकटून आहे, आणि मधे दीड फुटाचा चौरंग येणार.

कुळें_ते_लोंढा
हे आधी सांगायचं हो! प्लाय सगळा पुढे काढलात तर फूटभर अधांतरी राहील, कुणी कोपर टेकलं की उलटेल. टेबल भिंतीपासून सहा इंच पुढे ओढा, दोन्हीकडे सहा-सहा इंच सोडा आणि क्लॅम्प लावा. चौरंगाची काळजी नको, आत ८० सेंटीमीटरहून जास्त जागा आहे. प्लाय कापण्याआधी रूळ जमिनीवर वर्तमानपत्रांवर जोडा, कडेने पेन्सिल फिरवा आणि तो कागद टेबलावर पसरून बघा.

शिट्टी_वाजली
आत्ताच कागद पसरला. भिंतीकडची बाजू बसली! पुढची कड दाराच्या वाटेत चार बोटं येते, पण दार आतल्या बाजूला उघडत नाही, चालेल. उद्या प्लाय आणतो.

डिचोलीचा_रंधा
समई रुळांपासून लांब ठेवा. तेलाचा थेंब पडला की चाकं जागच्या जागी फिरतात. माटोळीतून पाकळ्या, पानं पडतात, ती रोज आरतीआधी टिपा. रूळ पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती फडकं, पण समई पेटवायच्या आधी. पाण्याचा हात अजिबात नको.