मदत हवी आहे: भाच्यासोबत 'रिटर्न टू मंकी आयलंड' घेऊ का? शेवटाबद्दल खेळलेल्यांनी सांगा

खानापूरचा_मामा

नमस्कार मंडळी,

इथे पाककृती आणि राजकारण सोडून गेमवर कोण बोलतं ठाऊक नाही, तरी विचारतो.

खानापुरात पाऊस लागला की पोरांना घरात डांबण्याशिवाय इलाज नसतो. यंदा बहिणीचा मुलगा आमच्याकडेच आहे. सहावीत, मराठी माध्यम. मोबाईलवरच्या धाडधाड गोळ्यांतून त्याला बाहेर काढावं म्हणून लॅपटॉपवर 'द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड' लावला. गेम १९९० चा, पण नवी चित्रं आणि आवाज घालून २००९ मध्ये परत काढलेली आवृत्ती. समुद्री चाचा व्हायचंच म्हणून बेटावर येऊन थडकलेला गायब्रश थ्रीपवुड नावाचा एक येडबंबू, त्याला आपण माऊसने फिरवायचं. वस्तू उचला, माणसांना बोलतं करा, कशाला काय जोडलं की काम होतंय ते डोकं लढवून काढा. मरायची धास्ती जवळजवळ नाहीच. मी इंग्रजी वाचून आमच्या भाषेत सांगतो, माऊस त्याच्या हातात. तलवारबाजीत जो सरस टोमणा मारेल तो जिंकतो हे कळल्यावर गडी असा खूश झाला की विचारू नका. त्या टोमण्यांची आमची बेळगावी रूपं इथे दिली तर संपादक धागा उडवतील.

तो गेम संपला आणि १९९१ चा दुसरा भाग, 'लेचक्स रिव्हेंज', सुरू केला. तिथे गाडी अडली. नकाशाचे चार तुकडे, तीन बेटं, आणि कुठली वस्तू कुठल्या बेटावर लागणार याचा पत्ता नाही. पोरगं कंटाळलं. तेवढ्यात त्याला कुठेतरी २०२२ च्या 'रिटर्न'ची चित्रं दिसली आणि आता एकच धोशा: "मामा, नवाच घेऊया की ओ."

घ्यायला माझी ना नाही. पण खेळलेल्यांची मतं वाचायला बसलो आणि चक्रावलो. निम्मे म्हणतात डोळ्यांत पाणी आलं, निम्मे म्हणतात फसवणूक झाली. सगळं भांडण शेवटावरून, आणि भांडणारे सगळे लहानपणी पहिले दोन भाग खेळून आता चाळिशी ओलांडलेले. ज्याच्या डोक्यात तीस वर्षांचं काहीच साठलेलं नाही अशा बारा वर्षांच्या पोराला तो शेवट कसा वाटेल, हे कुणीच लिहिलेलं नाही. मला तेवढंच हवंय. शेवट फोडू नका, पण पोराचा विरस होणार असेल तर तसं स्पष्ट सांगा. दुसरा भाग अर्धवट टाकून थेट याच्यात उडी मारली तर चालेल का, हेही सांगा. लॅपटॉप जुनाच आहे.

निपाणीचा_नाखवा

निपाणीला समुद्र नाही, नाखवा नाव कशाला असं विचारू नका. याच गेमांमुळे घेतलंय.

लॅपटॉपची काळजी सोडा. माझ्या हापिसातल्या साध्या लॅपटॉपवर, वेगळं ग्राफिक कार्ड नसताना, अख्खा गेम सुरळीत झाला. मोबाईलवरही २०२३ मध्ये आला, पण दोघांनी मिळून खेळायचं तर मोठा पडदाच बरा.

चित्रांवरून जो गदारोळ झाला त्याबद्दल सांगतो, कारण भाच्याला जी चित्रं आवडली तीच जुन्या लोकांना झोंबली होती. रॉन गिल्बर्ट हा पहिल्या दोन भागांचा कर्ता. दुसऱ्यानंतर, १९९२ मध्ये, त्याने हे गेम काढणारी लुकासआर्ट्स कंपनी सोडली आणि पुढचे भाग दुसऱ्यांनी केले. २०१३ मध्ये त्याने आपल्या ब्लॉगवर लिहिलं होतं की मी पुन्हा मंकी आयलंड केलाच तर जुन्या ठिपक्याठिपक्यांच्या चित्रांतच करेन. लोकांनी ते वाक्य घट्ट धरून ठेवलं. पुढे २०२२ च्या १ एप्रिलला त्याने गेम करत असल्याचं जाहीर केलं, बऱ्याच जणांना ती थट्टाच वाटली. मग झलक आली तर चित्रं रेक्स क्रोलची: कागद कातरून उभे केल्यासारखे कोनाकोनांचे चेहरे, लांबुडकी नाकं. शिवीगाळ इतकी झाली की गिल्बर्टने ब्लॉगवरच्या प्रतिक्रियाच बंद करून टाकल्या.

स्थिर चित्रात मलाही ते आवडलं नव्हतं. पण माणसं हलायला लागली, पहिल्या भागातल्या 'मेले' नावाच्या बेटावर रात्री खिडक्यांतले दिवे दिसले आणि ते जुनं संगीत सुरू झालं (मायकेल लँड, पीटर मॅकॉनेल आणि क्लिंट बजाकियन हे तिघेही परत आलेत) की चित्रांचा वाद डोक्यातून गेला. भाच्याला तर हा प्रश्नच पडणार नाही.

शहापूर_पेठ

मी त्या 'फसवणूक' म्हणणाऱ्यांतला. मामा, ऐकून घ्या.

दुसऱ्या भागाचा शेवट १९९१ मध्ये असा केला की खेळणारा खुर्चीतच बसून राहायचा, हे काय झालं म्हणून. उत्तर दिलंच नाही. गिल्बर्ट नेहमी सांगायचा की मंकी आयलंडचं खरं रहस्य मला ठाऊक आहे. एकतीस वर्षं आम्ही वाट बघितली. नवा गेम नेमका त्याच शेवटाच्या क्षणापासून सुरू होतो, आणि पहिल्या काही मिनिटांतच कळतं की त्या क्षणाचा अर्थ भलताच काहीतरी लावलाय. तेही सोडलं. पण शेवटचा, पाचवा भाग एवढासा आहे, आणि लेचक या भूत झालेल्या चाच्याशी सामना म्हणावा असा होतच नाही. खलनायकाला मागे सोडून आपण दाराबाहेर पडतो. जेवणावळीत पंगत बसवून वाढपी गायब झाल्यासारखं वाटलं मला.

कोडी चांगली आहेत हे कबूल. विशेषतः चौथ्या भागात जहाज हाताशी येतं आणि सोन्याच्या पाच किल्ल्या शोधत बेटांवर हिंडायचं असतं, तिथे जुनी मजा परत आली. विनोदही आहेत. टिचकी मारण्याआधी वस्तूवर माऊस नेला की गायब्रशच्या मनात काय चाललंय ते दिसतं, त्यातच निम्मं हसू आहे. पण शेवट पोराला समजावताना तुमची दमछाक होणार.

अनगोळची_ताई

शहापूर_पेठ, तुमचा राग जुना आहे आणि मला तो कळतो. पण मामांनी विचारलंय पोराचं, तुम्ही सांगताय तुमचं.

मी हा गेम लेकीबरोबर खेळले, तीही साधारण त्याच वयाची. ज्यांना काहीच कळायला नको त्यांनी पुढचा परिच्छेद सोडा. मी पेटीत काय निघतं ते सांगणार नाही, फक्त मांडणी सांगते.

अख्खा गेम म्हणजे वय झालेला गायब्रश बाकावर बसून आपल्या मुलाला जुनी गोष्ट सांगतोय. मुलगा मध्येच टोकतो, शंका काढतो, "हे खरंच असं झालं का?" म्हणतो. शेवटी गोष्ट जिथे संपते तिथे मोठ्यांचा अपेक्षाभंग होतो, कारण त्यांना रहस्य हवं असतं. मुलगाही विचारतो, मग रहस्य होतं तरी काय? आणि त्याचं उत्तर खेळणाऱ्याने निवडायचं असतं. तुम्ही कसे वागलात, काय निवडलंत त्यावर अगदी शेवटचं दृश्यही बदलतं. माझी लेक इथे अजिबात गोंधळली नाही. तिला वाटलं, आजोबा गोष्ट सांगताना मध्येच काहीतरी थापा घालतात तसं हे. तिने स्वतःचं उत्तर निवडलं, मग "दुसरं निवडलं तर काय होतं ते बघूया" म्हणून शेवट पुन्हा खेळायला लावला. विरस वगैरे काही नाही. मीच थोडी गप्प झाले होते, कारण मी दुसरा भाग हॉस्टेलमध्ये खेळलेली.

लेकीच्या डोक्यात शेवटापेक्षा गायब्रशची बायको एलेन जास्त राहिली. चाच्यांचे दात पडू नयेत म्हणून सगळ्यांना लिंबं खायला लावायची मोहीम ती चालवते. स्कर्व्ही हा रोग खरोखरच क जीवनसत्त्व न मिळाल्यामुळे व्हायचा आणि लिंबूवर्गीय फळांनी बरा व्हायचा, तेव्हा विज्ञानाचा धडा फुकटात झाला.

मात्र एक नक्की करा. दुसऱ्या भागाचा शेवट पोराला आधी दाखवा. स्वतः खेळून नाही जमलं तरी चालेल. 'रिटर्न'च्या सुरुवातीच्या पडद्यावरच एक चिकटवही आहे, तीत गायब्रश आधीच्या सगळ्या भागांची गोष्ट स्वतःच सांगतो. गोष्टीपुरती ती पुरेशी आहे. पण दुसऱ्याचा शेवट डोळ्यांनी बघितला नसेल तर नव्याच्या सुरुवातीची गंमत हुकते.

खानापूरचा_मामा

ताई, नेमकं हेच हवं होतं. शहापूर_पेठ, तुमचंही पटलं, पण तुमच्या वाटेला आमचं पोरगं अजून तीस वर्षांनी येईल.

दुसरा भाग पूर्ण करायचा तर मला इशारे लागतील. आणि नव्यात म्हणे गेममध्येच उत्तरांची वही मिळते. ती हातात आली की पोरगं डोकं चालवेल का? मला त्याला आयतं द्यायचं नाही.

निपाणीचा_नाखवा

दुसऱ्याची २०१० ची नव्या चित्रांची आवृत्ती असेल तर तिच्यात इशारा मागायची कळ आहे, पुन्हापुन्हा मागितला की हळूहळू जास्त उघड सांगते. शिवाय त्यात करणाऱ्यांच्या गप्पाही ऐकता येतात, त्या तुमच्यासाठी.

नव्यातली वही व्हूडू बाई म्हणून एक जादूटोणावाली आहे तिच्याकडून मिळते, सुरुवातीलाच. ती पण एकदम उत्तर फोडत नाही. आधी "अमक्याशी बोललास का" एवढंच, मग एकेक पायरी. वही न उघडणं तुमच्या हातात आहे. वही राहू दे मामाकडे आणि माऊस पोराकडे, असा करार करा. मी तर म्हणतो, जुन्या काळी आम्ही एका कोड्यावर आठवडा-आठवडा अडकून पडायचो त्याचं फार कौतुक नको. निम्मी माणसं तिथेच गेम सोडून द्यायची.

शहापूर_पेठ

आठवडा अडकण्यातच मजा होती की ओ.

असो. सुरू करताना दोन पर्याय विचारतील, सोपा आणि अवघड. लोक पोराबरोबर म्हणून सोपा निवडतात. अवघडच घ्या. सोप्यात कोडी कमी होतात आणि त्यात जे गळतं तेच चवीचं असतं. तुम्ही पहिला भाग पुरा केलाय म्हणजे पोरगं हुशार आहे.

कणकुंबीचा_ढग

भाषेचं कुणीच बोललं नाही. आवाज इंग्रजीत, आणि मराठी, कन्नड, हिंदी यांतलं काही नाही. बोलण्यावर विनोद असलेला गेम आहे, त्यामुळे मामाला घसा कोरडा होईपर्यंत वाचावं लागेल. उपशीर्षकं चालू ठेवा. मी पुतण्याला सगळं शब्दशः सांगायच्या नादात सुरुवातीला प्रत्येक दृश्य दुप्पट लांबवत होतो, मग नुसता सारांश सांगायला लागलो आणि जिथे तो स्वतःच हसला तिथे थांबलो. मरी नावाची बोलणारी कवटी आली की भाषांतराची गरज लागत नाही.

सवलतीत येतो अधूनमधून, इच्छायादीत टाकून ठेवा. घाई नसेल तर तोवर दुसरा भाग होईल.

अनगोळची_ताई

वेळेचं सांगायचं राहिलं. रोज थोडा थोडा खेळलात तर दोनेक आठवडे पुरेल, एकूण आठ-दहा तासांचा गेम. आणि मध्ये मध्ये जमिनीवर प्रश्नपत्ते पडलेले सापडतात, आधीच्या भागांवरचे प्रश्न असतात त्यांवर. लेक ते गोळा करायला एवढी सोकावली की गोष्ट बाजूला राहिली.

खानापूरचा_मामा

दुसरा भाग इशाऱ्यांच्या काठीने पार पडला. शेवट बघून पोरगं म्हणालं, "आसं कसं सोडलंनी मधेच?" मी म्हटलं, एकतीस वर्षं लोक हेच विचारत होते. त्याला फार हसू आलं, मला नाही.

सवलतीची वाट बघितली नाही, 'रिटर्न' घेतला. अवघड पर्याय. चित्रांवर साहेबांचं एकच मत: नाकं भारी आहेत. आता लेचकच्या जहाजावर खलाशी म्हणून शिरायचंय आणि त्यासाठी पोछा हवा, तिथे अडलोय. वही माझ्याकडे आहे, उघडली नाही. उत्तर नको, फक्त दिशा बरोबर आहे का तेवढं सांगा: आम्ही बंदरावर घुटमळतोय.

शहापूर_पेठ

बंदर सोडा. स्कम बारमध्ये मागे स्वयंपाकघर आहे, तिथल्या आचाऱ्याशी सगळं बोलून झालं का? सगळं म्हणजे सगळं.

खानापूरचा_मामा

नाही झालं. पोराला उठवतो.