मदत हवी आहे: बँडच्या टीशर्टसाठी ब्लॅकलेटर फॉन्ट कुठला घेऊ?

मंडळी, धाकट्या भावाच्या मेटल बँडचा टीशर्ट माझ्या गळ्यात पडलाय, आणि त्यांना अक्षर हवंय ते जुन्या जर्मन पुस्तकांसारखं टोकदार, काळंकुट्ट, म्हणजे ब्लॅकलेटर. मी एक फुकटातला फ्राक्टुर (ब्लॅकलेटरचाच जर्मन प्रकार) डाउनलोड केला, अख्खं नाव कॅपिटलमध्ये टाकलं तर नुसतं काटेरी कुंपण झालं, आई म्हणाली ही रांगोळी कसली? मग कळलं की यातली कॅपिटल्स शब्दाच्या सुरुवातीलाच शोभतात, बाकी सगळं स्मॉलमध्ये लावायचं. तसं केलं तर आता 'के' हा 'टी'सारखा दिसतोय आणि लांब 'एस' (स्मॉल 'एस'चं जुनं, उंच रूप) सगळे 'एफ' वाचतायत.

गुटेनबर्गने १४५५ च्या सुमारास छापलेल्या बायबलात असतो तो उभ्या काड्यांचा टेक्स्टुरा लांबून वाचता येईल का, की इटलीकडचा गोलसर रोटुंडा बरा?

गिटारवाला म्हणतो हे नाझी वाटेल, त्याला सांगितलं की अरे १९४१ मध्ये नाझींनीच हे अक्षर बंद केलं, पण ऐकेल तर शपथ.

स्क्रीन प्रिंटिंग आहे, काळ्यावर पांढरा, रुंदी दहा इंच. त्या केसाएवढ्या रेघा शाईने बुजणार नाहीत यासाठी किती जाड ठेवू? शनिवारी फाइल द्यायचीय.